वहीत न लिहिलेला नान

ज्या वर्षी उलकानच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी भाताची कापणी उरकल्यावर तिच्या एकुलत्या एका मुलाचं, तालायचं लग्न झालं. म्हणून सुनेच्या बाबतीत काही आठवायचं झालं की उलकान आधी जुळ्यांचं वय आठवायची. जुळी रांगायला लागली तेव्हा आयपेरीचं, म्हणजे सुनेचं, पोटातलं पहिलं मूल गेलं. जुळी पाऊल टाकायला लागली तेव्हा दुसरं गेलं. आणि जुळी बोबडं बोलू लागली त्या उन्हाळ्यात आयपेरीचं लग्नातलं चांदीचं कडं मनगटावर राहीना. हात वर केला की ते घसरत कोपरापर्यंत यायचं.

पोटाचंच दुखणं होतं. सकाळी बरी असायची. दुपारपर्यंत पोट ढोलासारखं फुगायचं, कळा यायच्या, मग परसाकडे धाव. तोंड कायम आलेलं. केस विंचरले की फणीत पुंजका. भांडी घासता घासता ती मध्येच भिंतीला टेकून उभी राहायची आणि उलकानची चाहूल लागली की पुन्हा घासायला लागायची.

एका सकाळी उलकानची मोठी जाऊ सोनुन अंगणात येऊन बसली. चहाचा वाडगा हातात घेतला आणि गोठ्याकडे चाललेल्या आयपेरीकडे बघत म्हणाली,

"उलकान, सून आणलीस की कुंपणाची काठी?"

"खाते हो ती. माझ्यापेक्षा जास्त खाते."

"मग जातं कुठं?"

"जातं तिथंच. परसाकडे." उलकान बोलून गेली आणि ओशाळली.

सोनुन हसली नाही. तिनं वाडगा खाली ठेवला. "हे बघ, पोरगी वाईट नाही. पण तुझा मुलगा एकटा एक. दोनदा झालं ते झालं. हिला वर्षभर माहेरी पाठव. बरी झाली तर आणू परत. आमच्या ह्यांचंही तेच म्हणणं आहे. भात कापून झाला की ते तिच्या बापाशी बोलतील."

वर्षभर माहेरी पाठवलेली सून कुणी परत आणल्याचं उलकानला आठवत नव्हतं. सोनुनलाही आठवत नसावं. घरातला थोरला पुरुष म्हणजे सोनुनचा नवरा. तो एकदा बोलला की विषय संपला. म्हणजे हातात होते ते कापणीपर्यंतचे तीन महिने.

उलकानला सून हवी होती. तालाय ट्रॅक्टर चालवायचा आणि घरात दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले सात आयपेरीशी. दुसरं म्हणजे ही पोरगी उलकानच्या शेजारी बसून कणीक मळायची. उलकानच्या हातचा नान उझगेन शहराच्या बाजारापर्यंत माहीत होता. नवरा गेल्यावर तिन्ही मुलं तिनं तंदुराच्या जिवावर वाढवली होती. नानच्या मधोमध टोचायचा ठसा ती लेकींनाही हात लावू द्यायची नाही. तो तिनं लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी आयपेरीच्या हातात दिला होता.

शहरातल्या डॉक्टरनं नळी घालून पोट तपासलं होतं, सूज आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या संपल्या, दुखणं तिथंच. मग गावच्या दवाखान्यातली नर्स दिलबार एक दिवस म्हणाली,

"उलकान-आपा, मला वाटतं खाण्यातलंच काहीतरी हिला सोसत नाही. काय ते शोधायला पाहिजे. आयपेरी, तू एक वही कर. जे जे तोंडात जाईल ते लिही. पोट कधी दुखलं तेही लिही. मग एकेक वस्तू दोन-दोन आठवडे सोडून बघू."

"आणि सापडलं नाही तर?" आयपेरीनं विचारलं.

"अगं, आधी शोध तर."

वही झाली. आधी मेंढीच्या शेपटीची चरबी सोडली. दोन आठवडे गेले, फरक नाही. मग दूध सोडलं. पहिले चार दिवस जरा बरं वाटलं, म्हणून उलकाननं शेजारणीला सांगूनही टाकलं, आणि पाचव्या दिवशी पोरगी अंथरुणाला. मग कांदा आणि मिरची. मग जर्दाळू, कारण सोनुनचं म्हणणं होतं की सगळा वात जर्दाळूचा.

दर वेळी काहीतरी ताटातून कमी झालं की उलकान तिथं नान ठेवायची. पोरगी आधीच वाळलेली, तिला धरून ठेवायला नानसारखं दुसरं काय? ती तिच्यासाठी वेगळे मऊ, जाड नान लावायची, कडा कमी भाजलेल्या. चहात बुडवून खा म्हणायची. आयपेरी खाली मान घालून खायची.

ऑगस्टमध्ये दिलबारनं वही चाळली. मंगळवार, चहा, बटाटे, भात, पोट दुखलं. बुधवार, चहा, भोपळा, उकडलेलं अंडं, पोट फार दुखलं. तिनं प्रत्येक ओळीवर बोट फिरवलं, कपाळाला आठ्या घातल्या. "यात तर काहीच वाईट नाही," ती म्हणाली. वहीत काही राहून गेलंय असं तिलाही वाटलं नाही. तीही ह्याच गावची.

त्याच महिन्याच्या शेवटी उलकानचा तंदूर फुटला. वीस वर्षांचा होता. तोंडापासून बुडापर्यंत भेग गेली आणि आतल्या भिंतीचा एक पोपडा निखाऱ्यांत पडला. नवा घडवून आणायचा, बसवायचा, बाहेरून लिंपायचा आणि सावकाश सुकू द्यायचा, यात बारा दिवस गेले. सोनुननं नान पाठवते म्हणून निरोप दिला. उलकाननं नको म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या तंदुराचा नान तिच्या दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर, आजवर आला नव्हता. आल्यागेल्यासाठी दोन वाळके नान चादरीवर मांडून ठेवले होते तेवढेच. घरात भात शिजायचा, बटाटे शिजायचे. दात नसलेल्या म्हाताऱ्याला द्यावा तसा मऊ गुरगुट्या भात उलकान सकाळी करायची.

सातव्या दिवशी आयपेरी हसली. तालाय ट्रॅक्टरवरून उतरताना चिखलात घसरला, तेव्हा मोठ्यानं हसली. उलकाननं शेगडीजवळून मान वर केली. हा आवाज ती विसरूनच गेली होती. दहाव्या दिवशी पोरीनं कालव्यावरून दोन बादल्या एकदम आणल्या.

"पुदिन्याचा काढा लागू पडला," उलकान दिलबारला म्हणाली. "माझ्या आईचा काढा आहे तो."

तेराव्या दिवशी नवा तंदूर पेटला. भिंतींवर मिठाचं पाणी शिंपडून उलकाननं पहिला नान चिकटवला. तो फुगला, तांबूस झाला, आकडीनं काढला. नव्या तंदुराचा पहिला नान घरातल्या सर्वांत नव्या सुनेनं मोडायचा, ही त्या घरची रीत. आयपेरीनं दोन्ही हातांनी नान घेतला, कपाळाला लावला, मोडला. उलकान समोर कौतुकानं बघत उभी. पोरीनं अर्धा नान तिच्यासमोर संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परसाकडून भिंत धरत परत आली आणि ओसरीवरच आडवी झाली.

नव्या मातीचा वास बाधला असेल, असं उलकान स्वतःशी म्हणाली. पण मनाला ते पटेना.

तिसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं म्हणून उलकाननं पेटीवर रचलेल्या गोधड्या उन्हात टाकायला काढल्या. चौथी गोधडी ओढली तशी मधून एक कापडी पिशवी खाली पडली. खडखड वाजली. उलकाननं ती उघडली. आत वाळलेल्या नानचे तुकडे होते. काही अख्खे, काहींवर दातांच्या खुणा. काहींवर मधोमध तिच्याच ठशाची नक्षी.

तिचा आधी विश्वास बसला नाही. मग डोकं तापलं. पिशवी घेऊन ती बाहेर आली. आयपेरी अंगणात बसून तांदूळ निवडत होती.

"हे काय आहे?"

आयपेरीच्या हातातलं सूप थांबलं.

"मी विचारते काय आहे हे? माझा नान इतका वाईट? कुत्र्याला घालायला साठवलास?"

"टाकला नाही, आपा." पोरगी म्हणाली. "एक कणसुद्धा टाकला नाही. नान टाकता येतो का? म्हणून ठेवला."

"मग गिळायला काय झालं होतं?"

आयपेरी सुपातला एकच खडा बोटानं फिरवत राहिली.

"बोल की!"

"दुखतं, आपा."

"कशानं दुखतं?"

पोरीनं पिशवीकडे बोट केलं. तोंडानं नाव घेतलं नाही. "ह्यानं."

कोंबड्या येऊन सुपातले तांदूळ टिपायला लागल्या तरी दोघींचं लक्ष नव्हतं.

"कधीपासून कळलं तुला?"

"खात्री नव्हती. दुसऱ्या वेळी... ते गेलं, तेव्हा दवाखान्यात आठ दिवस नुसता भात देत होते. तेव्हा बरं वाटलं होतं. घरी आल्यावर परत सुरू झालं. मग मी तुमची नजर चुकवून थोडा थोडा ठेवायला लागले. पण सगळा कुठे लपवणार? तुम्ही समोर बसून खायला घालता."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? नानबद्दल असं कुणी बोलतं का, आपा? आणि तेही तुमच्या नानबद्दल?"

उलकान घरात गेली. कोनाड्यातली वही घेऊन बाहेर आली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. शेवटी मान वर केली.

"यात नान कुठे लिहिलाय?"

"नान काय लिहायचा?" आयपेरीला प्रश्नच कळला नाही. "जेवणात काय काय होतं ते लिहिलं. नान तर असतोच."

उलकान पायरीवर बसली. असतोच. चरबी सोडली, दूध सोडलं, कांदा सोडला, जर्दाळू सोडले आणि प्रत्येक वेळी रिकाम्या जागी तिनं आपल्या हातानं नान ठेवला होता. तंदूर फुटला होता त्या बारा दिवसांची पानं तिनं पुन्हा काढली. भात, पोट ठीक. बटाटे, पोट ठीक. भात, पोट ठीक. आज दोन बादल्या आणल्या, असंही एका दिवशी पोरीनं लिहून ठेवलं होतं.

पुदिन्याच्या काढ्यानं काही केलं नव्हतं. तंदूर फुटल्यानं केलं होतं.

उलकान उठली, पिशवीतले तुकडे एका परातीत ओतले, पाण्यानं भिजवले आणि गाईपुढे ठेवले. "मुकं जनावर आहे, खाऊ दे," ती म्हणाली. "ह्यात पाप नाही. उद्यापासून तुला नान नाही."

"लोक काय म्हणतील?"

"माझं तोंड आहे ना त्यांच्याशी बोलायला?"

दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरचा मका काढला आणि दळून आणला. मक्याची भाकर, झागारा, त्या घरात कधी झाली नव्हती. उलकानची आई युद्धाच्या वर्षांत झागाऱ्यावर जगली होती. त्या भुकेत तिची दोन मुलं गेली होती. पुढे गहू मिळायला लागल्यावर तिनं शपथ घातली होती की माझ्या लेकीच्या घरात हा पिवळा गोळा दिसायला नको. उलकाननं पिठात भोपळा किसून घातला, गरम पाण्यात मळलं आणि लोखंडी कढईच्या बुडाशी थापून भाजलं. तंदुरात लावलं नाही. त्याच्या भिंतींना गव्हाचं पीठ चिकटलेलं असतं, हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आलं. पहिली भाकर फुटली. दुसरी जरा बरी झाली.

तेवढ्यात सोनुन दारात. वास घेऊन तिनं भुवया चढवल्या.

"झागारा? तुझ्या घरात? युद्ध लागलं की काय?"

"लागलंय. पोटाशी."

"तुझ्या आईनं बघितलं असतं तर..."

"आईनं दोन मुलं पुरली, जाऊबाई. मी पण दोन नातवंडं पुरली. आता पुरे."

सोनुन जाताना म्हणाली, "नानला दोष देतेस. बघ बाई, घराची बरकत जाईल."

आठ दिवस पोरगी बरी होती. नवव्या दिवशी पुन्हा कळा. तशाच, फुगलेलं पोट, पांढरा चेहरा. बातमी सोनुनकडे पोचायला वेळ लागला नाही. ती स्वतः आली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच उलकानला जास्त लागलं. "झालं तुझं करून? आता तरी ऐक. परवा भात आवरतोय. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला या. हे बोलतील सगळं."

त्या दिवशी उलकानचा धीर सुटला. नानचं नाव वाईट केलं आणि हाती काही आलं नाही, असं तिला वाटलं. आईच्या शपथेची आठवण झाली. ती तंदुराजवळ जाऊन उभी राहिली, त्याच्या थंड तोंडावर हात ठेवून.

वही आयपेरीनं आणली. "आपा, यात आता सगळं लिहिलंय. नान नाही हेसुद्धा लिहिलंय. बघा ना."

दोघी पायरीवर बसल्या. भात, झागारा, अंडं, चहा. भात, भोपळा, चहा. मग आठव्या दिवशी वाकड्या अक्षरात, जारमा, दोन वाडगे.

"जारमा मीच दिली," उलकान म्हणाली. भाजलेल्या धान्याची ती आंबवलेली पेज, उन्हाळ्यात घरोघरी असते, आजाऱ्याला हमखास देतात. नान बंद केला म्हणून पोरगी अशक्त होईल, या भीतीनं तिनं ती मुद्दाम केली होती. "पण त्यात तर गहू नाही. जव आहेत."

"जव म्हणजे गव्हाचा भाऊच की, आपा."

उलकान कपाळावर हात मारून हसायलाच लागली. "म्हणजे एका भावाला घराबाहेर काढलं आणि दुसऱ्याला मीच ताट वाढलं!"

जारमेचं मडकं त्याच दिवशी शेजारणीकडे गेलं. शुक्रवारपर्यंत चार दिवस होते. चारही दिवस वहीत एकच लिहिलं, पोट ठीक.

शुक्रवारी तिघं सोनुनकडे गेली. त्या भागात दारातच पाहुण्यापुढे नान धरतात. पोट भरलेलं असो, घाई असो, तुकडा मोडून तोंडात टाकल्याशिवाय आत जाता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. सोनुन दारात ताज्या नानचं ताट घेऊन उभी होती. तालायनं तुकडा घेतला. मग ताट आयपेरीपुढे आलं. अंगणात भाताच्या गोण्यांवर घरची माणसं बसली होती, सगळी बघत होती. आयपेरीचा हात उचलला गेला. एवढासा तुकडा घेतला तर काय होईल, असं तिच्या चेहऱ्यावर उलकानला स्पष्ट दिसलं. गेली दोन वर्षं दर दारात ती हेच करत आली असणार.

उलकाननं तिचा हात अलगद खाली केला. ताटातून दोन तुकडे मोडले. एक तोंडात टाकला, आणि तो गिळून झाल्यावर दुसरा.

"हा तिच्या वाटणीचा," ती म्हणाली.

सोनुन ताट धरून तशीच. "दुसऱ्याच्या वाटणीचा नान कुणी खातं का, उलकान?"

"तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या वाटणीचा कुणी खाल्ला होता?"

गोण्यांवरचा एक म्हातारा खो खो हसला. तो सोनुनचा नवराच होता. त्यानं काठीनं खुणावून आयपेरीला जवळ बोलावलं, तिच्याकडे नीट बघितलं. पोरीनं आदरानं वाकून नमस्कार केला. तिचं कडं त्या दिवशी मनगटावरच होतं, कारण उलकाननं सकाळी त्याला दोरा गुंडाळून घट्ट केलं होतं. पण गालांवरचा रंग कुणी गुंडाळलेला नव्हता.

"किती दिवस झाले?" त्यानं विचारलं.

"नान सोडून तेरा, भावोजी," उलकान म्हणाली. "मध्ये जारमेनं एकदा घात केला. मीच दिली होती. चूक माझी."

"नान न खाणारी सून," तो स्वतःशीच म्हणाला. मान हलवली. "असं कधी ऐकलं नव्हतं." मग म्हणाला, "आमच्या माळ्यावर मक्याची दोन पोती पडून आहेत. उंदीरच खातायत. तालाय, जाताना एक ट्रॅक्टरवर टाकून ने."

माहेरचा विषय त्या जेवणात निघाला नाही. पुढेही निघाला नाही. सोनुननं त्या दिवशी आयपेरीला भात वाढला, पण नान बाजूला ठेवताना उलकानकडे बघितलं नाही. तिचा राग निवायला हिवाळा जावा लागला. निवला तो असा, की एक दिवस तीच कढई घेऊन आली आणि म्हणाली, "तुझा झागारा फुटतो गं. पाणी कमी गरम घेतेस. माझ्या सासूनं मला शिकवला होता. सरक."

पुढच्या वर्षी दिलबारनं खटपट करून आयपेरीचं रक्त राजधानीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं कागदावर दुखण्याचं नाव लिहून दिलं आणि सांगितलं, जन्मभर पाळावं लागेल. नाव आयपेरीनं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवलं. तेव्हापासून पोटाची तक्रार घेऊन कुणीही दवाखान्यात आलं की दिलबार आधी विचारते, काय काय खाल्लं ते सांग, आणि नानही सांग. प्रत्येकाला नानच बाधतो असं नाही. एकाला दूध निघालं, एकाला नुसती काळजी निघाली. पण विचारते.

सगळं सरळ झालं नाही. लग्नाकार्यात एकाच कढईतलं खाऊन आयपेरी दोनदा आजारी पडली. एकदा कुणीतरी शेवया बशीत घातल्या आणि ती भिडेखातर खाऊन बसली. जुळी पहिलीत जाईपर्यंत पाळणा हलला नाही. मग हलला. मुलगी झाली. तिला गहू चालतो.

आयपेरी गव्हाची कणीक मळायची, ठसा टोचायची, आणि पूर्वीसारखाच नान लावायची, फक्त चाखायची नाही. चव बघायचं काम उलकानचं. आणि कुणाच्याही दारात उलकान दोन तुकडे मोडायची. नव्या घरी लोक बावरायचे, मग त्यांनाही सवय झाली. "सुनेच्या वाटणीचं खाऊन खाऊन ही जाडी झालीय," सोनुन म्हणायची. "सून लाभली की असंच होतं," उलकान म्हणायची.

उलकानच्या शेवटच्या उन्हाळ्यात तिला धाप लागायला लागली. एकदा एका दारात तिनं एकच तुकडा उचलला आणि हात तिथंच थांबला. तेव्हा बरोबर असलेल्या नातीनं, सांगायच्या आधीच, दुसरा तुकडा मोडून तोंडात टाकला. "आईचा," ती म्हणाली. उलकाननं मान डोलावली.

उलकान दोन हजार एकोणीस साली, सतरा ऑक्टोबरला, गुरुवारी सकाळी वारली. जुळी तेव्हा सातवीत होती, आणि मका खुडून अजून घरात यायचा होता.